गच्चीवरच्या जुनाट टाकीचे डाग: कुठले निघतात, कुठले नाही आणि कसे काढायचे

पुण्यात कुठल्याही गच्चीवर जा, काळ्या नाहीतर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टाक्यांची रांग दिसणारच, कंपनी कुठली का असेना आपण सगळ्यांना सिंटेक्सच म्हणतो. एप्रिल-मे मधलं चाळिशी पार करणारं ऊन, मग चार महिने पाऊस, वर्षभर शेजारच्या बांधकामाची धूळ आणि वर कबुतरं, हे सगळं दहा-बारा वर्षं अंगावर घेतल्यावर टाकी डागाळणार नाही तर काय होईल. हा लेख जे पहिल्यांदाच बादली आणि ब्रश घेऊन वर जाणार आहेत त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी दरवर्षी टाकी धुतलीय त्यांना यातलं बरंचसं माहीत असेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे डाग दिसला की ओत ब्लीच. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार ब्लीचने ढिम्म हलत नाहीत, आणि लोहाचा तांबडा डाग असेल तर ब्लीचने तो उलट आणखी पक्का बसतो. ब्लीच फक्त शेवाळ आणि बुरशी याच्यावर चालतं. त्यामुळे काम सुरू करायच्या आधी डाग कसला आहे ते ओळखायचं, त्याला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात.

आधी नुसतं हात लावून बघा

बाहेरून सुरू करू. टाकीवरून कोरडं बोट जोरात ओढा. बोटाला पांढुरकी किंवा राखाडी भुकटी लागली तर ती धूळ नाहीये (थोडी असते, पण सगळी नाही), ते प्लॅस्टिकच आहे. या टाक्या पॉलिथिलीनच्या असतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिथिलीनचा वरचा पातळ थर हळूहळू मोडत जातो आणि त्याची पूड होते. आता तीच जागा ओल्या फडक्याने पुसा. ओली असताना मस्त काळीकुळकुळीत दिसली आणि वाळल्यावर पुन्हा पांढरट झाली, तर तो डाग नाही, म्हातारपण आहे. हे घासून जाणार नाही, कितीही घासा, उलट जितकं घासाल तितका नवीन थर उन्हाला उघडा पडेल. या एका गोष्टीपायी लोक अख्खा रविवार घालवतात आणि मग प्लॅस्टिक खराब आहे म्हणून दुकानदाराला शिव्या देतात.

काळ्या टाकीत कार्बन ब्लॅक मिसळलेलं असतं, ते ऊन स्वतः शोषून घेतं म्हणून काळी टाकी जास्त टिकते. पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या टाक्यांचा रंग लवकर उडतो, आणि उडालेला रंग कुठल्याही लिक्विडने परत येत नाही.

मग ओल्या बोटाने डागावर घासून बघा. बुळबुळीत लागलं आणि बोटाला हिरवं-काळं आलं तर शेवाळ किंवा बुरशी. खरखरीत, कडक, नखाने कोपरा उचकटला तर खपलीसारखं निघतंय आणि पांढरं आहे, तर क्षार. तांबूस-पिवळट, हाताला काहीच लागत नाही पण रंग दिसतो, तर लोह. तांबड्या रंगाचा ओघळ एखाद्या ठराविक ठिकाणाहूनच सुरू होत असेल, म्हणजे बॉल कॉकचा (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह) दांडा, जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, क्लॅम्पचा नटबोल्ट, तर पाण्याला दोष देऊ नका, तो गंज आहे आणि तो नट बदलल्याशिवाय डाग महिनाभरात परत येणार.

क्षारांची शंका असेल तर सोपी टेस्ट आहे, त्याच्यावर चमचाभर व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस टाका आणि कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू येते, बुडबुडे दिसतात. फसफसलं तर ॲसिडने निघणार, नाही फसफसलं तर दुसरं काहीतरी आहे.

पुण्यात कुठल्या भागात राहता त्यावरूनही अंदाज येतो. नुसतं महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी येत असेल तर ते बोअरच्या मानाने मऊ, त्यात पांढरी पुटं कमी पण पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तळाला मऊ चॉकलेटी गाळ बसतो. वाघोली, उंड्री, पिसोळी, बावधनच्या वरच्या अंगाला जिथे बोअर आणि टँकरवर भिस्त आहे तिथे टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पांढरी कडक रिंग हमखास दिसणार. आपल्याकडे जमिनीखाली काळा बेसॉल्ट आहे, त्यातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर असतं, तेच बाष्पीभवन झालं की टाकीला आणि पाणी तापलं की गिझरच्या कॉइलला चिकटतं.

कुठल्या दिवशी करायचं

गुरुवार सोडून. आपल्याकडे दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर बहुतेक गुरुवारच असतो, आणि पुढची ओळ सगळ्यांना पाठ आहे, शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल. टाकी रिकामी करायला तो दिवस बरा वाटतो खरा, पण धुतल्यावर खळबळायला तीन-चार वेळा पाणी लागतं ते कुठून आणणार. ज्या दिवशी सकाळी पाणी नक्की येतं असा दिवस बघा, आदल्या रात्रीपासून मोटर लावू नका, टाकी वापरूनच खाली येऊ दे. शेवटचं वीतभर पाणी राहील तेवढं ठेवा, घासायला तेच उपयोगी पडतं. शंभर दोनशे लिटर चांगलं पाणी नुसतं पन्हाळीतून सोडून देणं मनाला पटत नाही, बादल्या ड्रम भरून ठेवा, फ्लशला आणि गाड्या धुवायला चालतं.

सोसायटी असेल तर सेक्रेटरीला सांगून ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज टाका, नाहीतर कोणीतरी अंगाला साबण लावून उभं असणार आणि शिव्या तुम्हाला. आणि वॉचमनला स्पष्ट सांगा की मी खाली येईपर्यंत मोटर लावायची नाही, शक्य असेल तर मोटरचा फ्यूज काढून खिशात ठेवा. ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर असेल तर तो बंद करायला विसरू नका, टाकी रिकामी झालेली कळली की तो स्वतःच मोटर चालू करतो.

सोलर वॉटर हीटर ज्यांच्याकडे आहे (आणि पुण्यात आता बऱ्याच गच्च्यांवर आहे) त्यांनी टाकीतून सोलरला जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा. एकतर ब्लीचचं पाणी सोलरमध्ये जायला नको. दुसरं म्हणजे काचेच्या नळ्यांचा सोलर जर भर उन्हात रिकामा पडला आणि मग त्यात एकदम थंड पाणी शिरलं तर नळ्या तडकतात, आणि त्या नळ्यांचा खर्च टाकी धुण्याच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त येतो.

काय काय लागेल

लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात छोट्या पुड्या मिळतात पण टाकीला अर्धा-एक किलो लागतं तर ते रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला होलसेलमध्ये घ्या, स्वस्त पडतं. व्हिनेगरही चालतं पण वास दिवसभर जात नाही आणि कडक थराला ते कमी पडतं. खायचा सोडा एक पाकीट. ब्लीचिंग पावडर, सीलबंद पाकीटच घ्या, उघड्यावर पडून राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि उरतो नुसता चुना. लांब दांड्याचा नायलॉन ब्रश, भांडी घासायचा हिरवा स्क्रबर नको त्याऐवजी मऊ स्पंज आणि नारळाची शेंडी. शेंडीला हसू नका, प्लॅस्टिकवर चरे न पाडता खरवडायला तिच्यासारखं काही नाही. जुनं एटीएम कार्ड, खपल्या काढायला. जुन्या सुती साडीची किंवा टॉवेलची फडकी. गाळ उचलायला प्लॅस्टिकची सुपडी. रबरी ग्लोव्हज, आणि डोळ्याला साधा गॉगल, उन्हाचा नाही, मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये मिळतो तो.

काय आणायचं नाही तेही सांगतो. तारेचा ब्रश आणि तारेची घासणी नको, चरे पडतात आणि पुढचं शेवाळ त्याच चऱ्यांत घर करतं. थिनर, पेट्रोल, रॉकेल टाकीच्या आत तर नाहीच नाही, पॉलिथिलीन ते पितं आणि मग महिनोन्महिने पाण्याला वास येत राहतो. टॉयलेट क्लीनर नको, त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि शिवाय रंग-सुगंध असतात, ते पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात कशाला. आणि व्हिडिओत दाखवतात तसं व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून ओतू नका, फेस बघायला छान वाटतो पण ॲसिड आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ नुसतं पाणी उरतं. दोन्ही वापरायचेच असतील तर वेगवेगळे, मधे पाण्याने धुवून.

याहून महत्त्वाचं, आणि हे गंमतीत घेऊ नका: ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र येता कामा नये. लिंबूसत्व असो व्हिनेगर असो की टॉयलेट क्लीनर, ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि टाकीच्या आत डोकं घातलेलं असताना तो सुटला तर बाहेर यायलाही वेळ मिळत नाही. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विडही ब्लीचबरोबर नको.

बाहेरची बाजू

बाहेरचं आधी करा, म्हणजे बाहेरची घाण धुताना आत पडली तरी नंतर आत धुणारच आहात. झाकण घट्ट लावून ठेवा.

कबुतराची विष्ठा असेल तर कोरडी खरवडू नका. ती भुकटी नाकात जाणं फुप्फुसांना वाईट, पुण्यात ज्यांच्या खिडकीत कबुतरं आहेत त्यांना डॉक्टरांनी हे कधी ना कधी सांगितलेलं असतं. मास्क लावा, आधी पाणी मारून पूर्ण भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग ओलीच फडक्याने उचला. फडकं धुवायला जाऊ नका, टाकून द्या.

मग पाईपने साधं पाणी आणि ब्रश, वरून खाली. धूळ आणि पूड जेवढी जायची ती यातच जाते. प्रेशर वॉशर कोणाकडे असेल तर चालतो पण नोझल हातभर लांब ठेवा, जुन्या टाकीवर जवळून मारलं तर वरचा थर सोलून निघतो. बऱ्याच टाक्या या पायरीलाच ऐंशी टक्के साफ होतात आणि खरं सांगायचं तर बाहेरच्या बाजूला इथेच थांबलात तरी काही बिघडत नाही, गच्चीवर कोण बघायला येतंय.

तरीही उत्तरेच्या बाजूला, जिथे ऊन कमी लागतं तिथे काळे-हिरवे चट्टे उरतात. ती बुरशी आणि शेवाळ. याच्यासाठी ब्लीचिंग पावडर, पण थेट पावडर चोळू नका. एका बादलीत चार-पाच लिटर पाणी, दोन-तीन मोठे चमचे पावडर, काठीने ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. चुना खाली बसतो, वरचं नितळ पाणी हळूच दुसऱ्या बादलीत ओतून घ्या आणि तेवढंच वापरा. खालचा गाळ लावला तर शेवाळ जाईल आणि चुन्याचे पांढरे ओघळ येतील, म्हणजे एक डाग काढून दुसरा. नितळ पाणी स्पंजने लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. वाऱ्याची दिशा बघून उभे राहा आणि जवळच्या कुंड्यांवर प्लॅस्टिक टाका, तुळस मेली तर घरात वेगळा प्रॉब्लेम.

सिमेंटचे थेंब, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारे हमखास उडवून जातात. पॉलिथिलीनला सिमेंट मुळात नीट चिकटतच नाही, एटीएम कार्डाचा कोपरा घालून उचकटलं की टकाटक निघतं. ऑइल पेंटचंही तसंच, नख लावून कडा सोडवली की सालपटासारखा येतो. याच कारणासाठी टाकीला रंग देण्याच्या भानगडीत पडू नका. रंगारी म्हणेल दोन हात मारतो, नवी होईल, पण पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटून ते पन्हाळीत आणि तिथून ड्रेनेजच्या जाळीत जाऊन बसतात.

गंजाचा ओघळ बाहेरून असेल तर लिंबूसत्व. अर्धा लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, त्यात फडकं भिजवून डागावर चिकटवा, अर्ध्या तासाने घासा, लागलं तर परत. इथे एक गोष्ट खाली बघून करा, गच्चीला शहाबादी फरशी असेल तर ॲसिडचं पाणी त्यावर पडू देऊ नका, शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, ॲसिडने त्याच्यावर फिकट डाग पडतात ते कायमचे. कोब्याला आणि चायना मोझॅकच्या सांध्यांनाही ते खातं. खाली आधी पाणी मारून ओलं ठेवा आणि लगेच धुवून काढा.

पांढरटपणा, म्हणजे ती वयाची पूड, याच्यावर गाडीच्या बंपरचं पॉलिश लावलं तर दोन-तीन आठवडे काळी चमकते. मग पुन्हा तेच. खोबरेल तेल चोळणारेही आहेत, त्याच्यावर अख्ख्या पेठेची धूळ येऊन बसते. आणि बंपर काळा करायला हीट गन वापरतात तो प्रकार टाकीवर अजिबात नको, भिंत वाकते. पैसे घालायचेच तर वर हिरवी शेडनेट नाहीतर पत्रा टाकून सावली करा, प्लॅस्टिकचं मोडणं तिथेच मंदावतं आणि मे महिन्यात नळाला उकळतं पाणी येणं पण कमी होतं.

आतली बाजू

इथे हेतू वेगळा आहे. बाहेरचं दिसायला, आतलं पोटात जातं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट निघाले आणि पाण्यावर संशय आला तेव्हा अर्ध्या पुण्याने आपापल्या टाक्यांची झाकणं उघडून बघितली होती, त्यातल्या कित्येकांनी पहिल्यांदा. टाकी चकचकीत असली म्हणजे पाणी शुद्ध असतं असं नाही हे खरंय, पण गाळ आणि बुळबुळीत थर असला की टाकलेला क्लोरीन त्यातच खर्ची पडतो आणि जंतूंना लपायला जागा मिळते.

टाकीत उतरायचंय का, तर शक्यतो नाही. ५०० लिटरच्या टाकीला लांब दांड्याचा ब्रश पुरतो. १००० आणि वरच्या टाकीत उतरावं लागलं तर बाहेर दुसरा माणूस पाहिजेच, तो नुसता गप्पा मारायला नाही, दर दोन मिनिटांनी हाक मारायला. आत वायरचा बल्ब न्यायचा नाही, मोबाईलचा टॉर्च बाहेरून धरा. ब्लीच किंवा ॲसिडचा वास आत असेल तर उतरायचं नाही. आणि पोरगं बारीक आहे, पटकन शिरेल म्हणून लहान मुलाला आत पाठवणं हे आपल्याकडे सर्रास चालतं ते बंद करा.

आता क्रम. आधी बुळबुळ, मग क्षार, शेवटी जंतू. हा क्रम उलटा केला तर ॲसिड बुळबुळीच्या वरच राहतं, क्षारापर्यंत पोचत नाही.

तळाचं ते वीतभर पाणी ठेवलंय ना, त्यातच ब्रश बुडवून सगळ्या भिंती घासा. आउटलेटला आधी फडक्याचा बोळा घट्ट कोंबून घ्या, नाहीतर सगळा गाळ खालच्या नळांत जाऊन बसेल आणि मग प्रत्येक फ्लॅटमधल्या नळाची जाळी साफ करत बसा. साबण वापरू नका, फेस निघता निघत नाही, त्याऐवजी ओल्या स्पंजवर खायचा सोडा घेऊन चोळा, पिवळट-मळकट थर बऱ्यापैकी जातो. गाळ सुपडीने बादलीत, उरलेलं पाणी स्पंजने टिपून. हा गाळ झाडांना घातला तर चालतो, त्यात अजून काही केमिकल पडलेलं नाही.

मग ती पांढरी रिंग. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम लिंबूसत्व. उभ्या भिंतीवर नुसतं शिंपडलं तर मिनिटभरात ओघळून जातं आणि काम होत नाही, म्हणून सुती फडक्याच्या पट्ट्या त्यात भिजवून रिंगेवर चिकटवायच्या, ओल्या असल्या की प्लॅस्टिकला आपोआप चिकटून राहतात. पट्टीच्या कडेने बारीक बुडबुडे सुटताना दिसतात, ते थांबले की तिथलं ॲसिड संपलं, पट्टी पुन्हा भिजवून लावा. अर्ध्या-पाऊण तासाने पट्टी काढून शेंडीने घासा, वरचा थर पांढऱ्या चिखलासारखा येतो. जाड थर असेल तर दोन-तीन वेळा करावं लागतं, घाई झाली म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने ठोकत बसू नका. बॉल कॉकवर जमलेले क्षारही यातच काढून घ्या, पुष्कळदा टाकी ओव्हरफ्लो होण्याचं कारण तेच असतं, दांडा अडकतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

लोहाचा तांबूस रंग लिंबूसत्वानेच फिका होतो पण हळूहळू, आणि पूर्ण जाईलच असं नाही. जुन्या टाकीत तो प्लॅस्टिकमध्ये मुरलेला असतो. हाताला गुळगुळीत लागतंय, नखाला काही येत नाही, फडक्याला रंग येत नाही, तर तो डाग सोडून द्या. त्याने पाणी खराब होत नाही. हार्डवेअरवाला इथे ऑक्झॅलिक ॲसिड देऊ करेल, गंजावर ते जोरात चालतं हे खरं, पण ते विषारी आहे, बाहेरच्या ओघळाला एकवेळ ठीक, आत नको.

ॲसिडचं काम झालं की तीन वेळा साध्या पाण्याने खळबळून काढा, कोपरे, आउटलेटची खाच, झाकणाची आतली बाजू सगळं. ही पायरी उरकू नका कारण पुढे ब्लीच येणार आहे.

ब्लीचची रात्र

टाकी स्वच्छ पाण्याने भरा. १००० लिटरला साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, पाकिटावर क्लोरीन ३० ते ३३ टक्के लिहिलेलं असेल तर. आधीसारखीच बादलीत कालवून, नितळवून वरचं पाणी टाकीत ओता. पावडरीऐवजी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळालं तर तेच काम १ लिटरमध्ये होतं. टाकीत साधारण ५० पीपीएम (म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम) क्लोरीन होतो, पिण्याच्या पाण्यात असतो त्याच्या कितीतरी पट, म्हणून हे पाणी रात्रभर कोणी वापरायचं नाही, ग्रुपवर परत मेसेज. घरोघरचे आरओ आणि प्युरिफायर यांचे इनलेट बंद करायला सांगा, आरओचा मेंब्रेन क्लोरीनने खराब होतो. ब्लीचवालं थोडं पाणी नळांतून वास येईपर्यंत सोडून मग नळ बंद केलेत तर पाईपलाइनही धुतली जाते.

सकाळी वॉशआउटने (टाकी रिकामी करायचं तळाजवळचं तोंड) सगळं सोडून द्या, ड्रेनेजला, झाडांना नाही. एकदा साध्या पाण्याने भरून रिकामी करा, मग नेहमीसारखी भरा. पहिलं पाणी फ्लशला, फरशी पुसायला. नळाच्या पाण्याला स्विमिंग टँकसारखा उग्र वास येत नाही असं झालं की आरओ चालू करायचे, सोलरचा व्हॉल्व्ह उघडायचा, तोही सकाळी उन्हं चढायच्या आत.

हिरवं परत परत येत असेल तर भर दुपारी झाकण लावून ओव्हरफ्लोच्या भोकातून किंवा झाकणाच्या फटीतून आत डोकावून बघा. भिंती आतून कंदिलासारख्या उजळलेल्या दिसल्या तर प्लॅस्टिकमधून ऊन आत शिरतंय, आणि जोपर्यंत ऊन आहे तोपर्यंत शेवाळ येणारच, तुम्ही किती का घासा. बाहेरून काळं कापड किंवा जाड शेडनेट गुंडाळा, किंवा सावली करा. झाकण हरवलंय म्हणून वर शहाबादीचा तुकडा ठेवलाय अशा टाक्यांना हे जास्त होतं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, डासांनी अंडी घातली तर महापालिकेची नोटीस येते ती वेगळीच.

धुणं साधारण वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आसपास आणि एकदा मे अखेर. टँकरवाल्या भागात मधे आणखी एकदा. क्षारांची रिंग मात्र पातळ असतानाच दर दोन-तीन महिन्यांनी पुसली तर ॲसिडपर्यंत जायचीच वेळ येत नाही.

कधी नाद सोडायचा

रिकाम्या टाकीची भिंत उन्हाच्या बाजूला, म्हणजे दक्षिण-पश्चिमेला, तळहाताने दाबून बघा. चांगलं पॉलिथिलीन लवतं आणि परत जागेवर येतं. दाबल्यावर करकर वाजलं, किंवा केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसलं, किंवा नखाने पृष्ठभागाचे कपचे निघायला लागले, तर डाग काढायचा विषयच संपला. अशा भेगेला एमसील (भेगा बुजवायची लुकणासारखी पुट्टी) लावतात, ते सुरुवातीला धरतं आणि एका भरलेल्या रात्री सोडतं, कारण पॉलिथिलीनला एमसील काय किंवा कुठलंही साधं सोल्यूशन काय धड चिकटत नाही. प्लॅस्टिक वेल्डिंग करून देणारे असतात पण म्हाताऱ्या प्लॅस्टिकला शेजारीच नवी भेग जाते.

नवी घेताना अंगावर आयएसआय मार्क आणि आयएस १२७०१ हा आकडा बघा, पाण्याच्या पॉलिथिलीन टाक्यांचा तोच आहे. तीन थरांची, मधला थर काळा आणि आतला पांढरा असेल तर ऊन आत येत नाही आणि घाण पटकन दिसते. खाली पूर्ण सपाट बैठक पाहिजे, चार विटांवर तरंगती ठेवलीत तर तळ बसतो. आणि बसवतानाच प्लंबरच्या डोक्यावर उभं राहून वॉशआउट अगदी तळाला काढून घ्या आणि त्याला बॉल व्हॉल्व्ह (हाताने चालू-बंद करायचा, बॉल कॉक नव्हे) लावून घ्या. सांगितलं नाही तर तो दोन इंच वर भोक पाडतो, नुसती एंड कॅप ठोकतो आणि जातो, मग पुढची दहा वर्षं प्रत्येक वेळी शेवटचं पाणी मगाने उपसत बसा.